धोंड्याला भाकरी मागणारा जावई

अधिक महिना तीन वर्षांतून एकदाच येतो, याबद्दल जावयांच्या पोटांनी पंचांगाचे आभार मानायला हवेत. या महिन्यात सासुरवाडी जावयाला बोलावते, पाटावर बसवते आणि धोंडे खाऊ घालते. धोंडा म्हणजे कणकेच्या जाड पारीत पुरण कोंबून तळलेला गोळा. त्यावर तूप, आणि तेही वाटीनं नाही, तांब्यानं. पदार्थाचं नाव धोंडा ठेवून समाजानं जावयापासून काही लपवलेलं नाही. तरी नावाचा विचार करून मागं फिरलेला जावई अजून कुणी पाहिलेला नाही, कारण सोबत कपडे, चांदीचं निरांजन आणि तेहतीस अनारसे मिळतात.

सुदर्शन शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत तपासणी खात्यात होता. काम बसून करायचं. मशीनवरून सुटे भाग येत, तो ते मापून बघे. बरोबर असतील ते पुढं सोडायचे, नसतील ते अडवून ठेवायचे. गेली काही वर्षं त्याच्या पोटानं यातला दुसरा भाग तेवढा उचलला होता.

दोष पोटाचा नव्हता. सकाळी कंपनीची बस गाठायची घाई, म्हणून पोटानं हाक दिली तरी तिला उद्याचा वायदा मिळे. कॅन्टीनमध्ये मिरचीची भजी आणि पाव. रात्री उशिरा भात, आणि भातावरून थेट गादीवर. पाणी प्यायचं राहून जाई. चालायचा तर प्रश्नच नव्हता. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानातून दूध आणायलाही तो मोटरसायकल काढे. शेवटी बसणंच अवघड झालं, आणि बसण्याचीच नोकरी असल्यामुळं डॉक्टरांकडे जावं लागलं.

क्रांती चौकातल्या डॉक्टरांनी तपासलं, हात धुतले आणि मूळव्याध आहे असं सांगितलं. कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून सुदर्शननं आजूबाजूला पाहिलं. खोलीत ते दोघंच होते.

"आत्ता सुधारलात तर सुधाराल," डॉक्टर म्हणाले. "नाहीतर कापावं लागेल."

"गोळीनं नाही भागणार?"

"गोळी देतो की. पण दिवसभर खुर्चीत बसायचं, भजी खायची, पाणी प्यायचं नाही आणि गोळीनं सगळं निस्तरायचं, एवढी मोठी गोळी अजून निघालेली नाही."

मग त्यांनी पथ्य सांगितलं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी, भरपूर पाणी. तळलेलं आणि मैद्याचं बंद. रात्रीचं जेवण लवकर. प्रत्येक जेवणानंतर चालणं. आणि हाक आली की लगेच उठणं. "ती काही वीजबिल नाही," डॉक्टर म्हणाले, "मुदतीनंतर भरायला."

सुदर्शननं मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत तो कंपनीच्या आवाराला फेऱ्या मारू लागला. शेजारच्या टेबलावरचा शफीकही त्याच्याबरोबर निघे. शफीकचं पोट उत्तम होतं. तो केवळ सोबतीला चालायचा, आणि चालता चालता शहागंजातल्या नान-खलियाचं, म्हणजे रोटी आणि मटणाच्या रश्श्याचं, वर्णन करायचा.

पण गुण आला. पोट वेळेवर चालू लागलं. सुदर्शन खुर्चीत दोन्ही बाजूंनी सारखा बसू लागला. मध्ये फक्त एकदा घसरण झाली. चुलतभावाच्या लग्नात तो दोन दिवस पुरी-बुंदीवर राहिला आणि नंतर आठवडाभर त्यानं उभ्यानं तपासणी केली. साहेबांनी चार लोकांत त्याच्या कामसूपणाचं कौतुक केलं. डॉक्टरांनी केलं नाही. ते म्हणाले, "अजून एकदा असे आलात तर मी औषध लिहिणार नाही. ऑपरेशनची तारीख लिहीन."

त्यानंतर यंदाचा अधिक ज्येष्ठ आला, आणि सोयगावहून सासऱ्यांचा फोन.

शफीकला हा प्रकार नीट समजावून सांगावा लागला. सगळं ऐकून घेऊन त्यानं बोटं मोजायला घेतली.

"मतलब तेरे कू बुलाते, बिठाते, और ये खिलाते."

"हो."

"और कपडे भी देते."

"हो."

"अच्छा तरीका है मियां," शफीक म्हणाला. "केस भी नहीं बनती."

घरी सायलीची वेगळीच अडचण होती. सोयगाव तिचं माहेर. "तिथं तेवढं नाव काढू नका," ती म्हणाली.

"कशाचं?"

"त्याचंच. आमच्या सांडूतात्यांना कळलं की बाजाराला कळलं. जन्मभर तुम्हाला त्याच नावानं ओळखतील. माझी शपथ आहे."

"मग खात नाही याचं कारण काय सांगू?"

सायलीनं विचार केला. "पोट बरं नाही म्हणा. पण त्याचा उपयोग नाही. आमच्याकडं पोट बरं नाही म्हटलं की ओवा देतात आणि परत वाढतात."

एवढ्या तयारीवर ते दोघं एसटीनं निघाले.

अजिंठ्याचा घाट उतरून गाडी सोयगावला लागली तेव्हा सासरे, कडूबा मामा, स्टँडवर उभे होते. उभे म्हणजे बुलेटवर. घर स्टँडवरून दिसतं, तरीही. मामांची कापसाची शेती होती आणि घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, खता-बियाण्यांचं दुकान. बुलेट घेतल्यापासून तो रस्ताही ते बुलेटवरच ओलांडत. गाडी अशी पुसलेली होती, की तिच्या टाकीत स्टँडची पाटी उलटी वाचता येत होती. सीटवर मात्र एका जुन्या गोधडीची जाड घडी होती. सुदर्शन तिच्याकडं जरा वेळ बघत राहिला. सीट तापत असेल, असं त्याला वाटलं.

"काय बघताव पाव्हणं?" मामांनी विचारलं.

"काही नाही. गाडी छान ठेवलीय."

हे वाक्य मामांच्या शेजारी उभ्या असलेल्या सांडूतात्यांनी ऐकलं आणि जपून ठेवलं. सांडूतात्या म्हणजे मामांचे धाकटे भाऊ. भावकीतली सोयरिकीची आणि रुसव्याफुगव्याची सगळी बोलणी त्यांच्याकडं असत.

दुपारी ताट वाढलं. ताटात धोंडे होते, कुरडई होती, भजी, भात, कटाची आमटी होती, आणि कोपऱ्यात शोभेपुरती काकडीची कोशिंबीर. सुदर्शननं आधी कोशिंबीर संपवली. सासूनं, साळूबाई मामींनी, सायलीकडं पाहिलं. सायलीनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"करा की सुरू, जावईबापू."

"मामी, एकच राहू द्या. बाकीचे काढा."

"धोंड्याला वाढत असतेत. काढत नसतेत."

"पोट जरा बरं नाही."

"ओवा आण गं," मामी आत बघून म्हणाल्या आणि तुपाचा तांब्या तिरपा केला. सुदर्शननं ताटावर हात धरला. मामींनी हातावर तूप ओतलं. त्यात राग अजिबात नव्हता. ताटावर हात धरणाऱ्याच्या हातावर ओतायचं असतं, एवढंच.

कोपरापर्यंत तूप गेल्यावर सुदर्शनला चुलतभावाच्या लग्नानंतरचा तो आठवडा आठवला. मग क्रांती चौक आठवला. तो म्हणाला, "मामी, ज्वारीची भाकरी असंल का? शिळी बी चालंल. आन् पालेभाजी."

ओसरीवर इतकी शांतता झाली की आत ओवा शोधणारीचा डबा पडलेला स्पष्ट ऐकू आला.

"भाकर," कडूबा मामा म्हणाले.

"व्हय. आन् जमलं तर ताक."

इथं भावकीचा इतिहास माहीत असायला हवा. मागच्या अधिकात सांडूतात्यांचा जावई सोमनाथ असाच ताटावर बसला होता. त्यानं धोंडा बाजूला सारला आणि साधा वरणभात मागितला. जावई ताटावरून साधं जेवण मागतो, म्हणजे तो रुसलेला असतो. आणि रुसलेला असतो, म्हणजे त्याला काहीतरी पाहिजे असतं. ते तो तोंडानं मागत नाही, मागितलं तर हलकेपणा येतो. ते घरच्यांनी ओळखायचं. तोवर घरात कुणी जेवत नाही. सोमनाथचा वरणभात मोटरसायकलपर्यंत गेला होता. सुदर्शननं तर भाकरी मागितली होती, आणि शिळीसुद्धा चालेल असं म्हणाला होता. एवढा कडक रुसवा तालुक्यात कुणाच्या पाहण्यात नव्हता.

सांडूतात्या उठले. "पाव्हणं, या जरा गोठ्याकडं."

गोठ्यात दोन बैल होते. तात्यांनी त्यांनाही थोडं लांब बांधलं.

"हितं कोणी नाय. बोला मोकळं."

"तात्या, बोलण्यासारखं काही नाही."

"मागच्या धोंड्याची अंगठी हलकी पडली का?"

"अंगठी चांगली आहे की."

"मंग बोटात का नाय?"

"बोटं बारीक झालीत. निसटते."

तात्यांनी बोटांकडं पाहिलं, मग सगळ्या सुदर्शनकडं. तो खरोखरच उतरला होता. पथ्याआधी त्याचा पट्टा ज्या भोकात लागायचा, ते आता पाठीकडं गेलं होतं. "खाण्यापिण्याची आबाळ हाय का घरी? सायली करती ना नीट?"

"तात्या, तसं काहीच नाही. मला काहीच नको. जेवण झाल्यावर जरा चालायला मिळालं तर बरं होईल, एवढंच."

"चालाया?"

"हल्ली मी पायीच फिरतो. मोटरसायकल काढतच नाही."

तात्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली. त्यांचं काम झालं होतं. ओसरीवर येऊन ते भावाच्या कानाशी वाकले, पण आवाज काही वाकवला नाही.

"अंगठी नाय. गाडी."

"नवी?"

"नवी म्हणला नाय. सकाळी स्टँडवर तुझ्या बुलेटीकडं बघत व्हता. मी तवाच ओळखलं."

कडूबा मामा बराच वेळ दाराबाहेर बघत बसले. बुलेट कडुलिंबाखाली उभी होती. आतून बायकांच्या बांगड्या वाजल्या. सगळ्यांना भुका लागल्या होत्या. मग मामा उठले, खुंटीवरची किल्ली काढली, उपरण्यानं पुसली आणि सुदर्शनच्या ताटाशेजारी आणून ठेवली.

"घ्या," ते म्हणाले. "आन् जेवा आता."

सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं. शपथ तिनंच घातली होती, त्यामुळं तिला काही बोलता येईना. सुदर्शन किल्लीकडं बघत राहिला. रुसवा काढल्यावर जेवावंच लागतं. किल्ली घेतली तर धोंडे आले, धोंड्यांमागून क्रांती चौक आला, आणि सासऱ्याची गाडी नेल्याची नाचक्की वेगळी. नाही घेतली तर घर उपाशी, आणि सायलीला पुन्हा या ओसरीवर मान वर करून येता येणार नाही.

"मामा," तो म्हणाला, "माझ्यासोबत जरा बाहेर येता? दोघंच. चालत."

"आत्ता?"

"आत्ता."

"उन्हात?"

"व्हय."

सांडूतात्यांनी कपाळावर हात मारला. "बुलेट बी पुरंना," ते म्हणाले. "आता जिमिनीवर येतंय."

ज्येष्ठातली दुपार होती. डोक्यावर उपरणी घेऊन सासरे-जावई रस्त्यानं निघाले तेव्हा सावलीतल्या कुत्र्यांनी डोळे उघडून पाहिलं आणि परत मिटले. मामा सवयीनं आधी बुलेटकडं वळले होते, मग त्यांना आठवलं. कापसाच्या जिनिंग मिलच्या फाटकापाशी पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. तिथं भिंतीची सावली होती. मामा थांबले, पण बसले नाहीत.

"बोला. किती एकर?"

"मामा, मला जमीन नको, बुलेट नको. सायलीनं शपथ घातलीय म्हणून बोलत नव्हतो. मला मूळव्याध आहे."

मामांनी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"कवापासनं?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"रगत?"

"यायचं. आता नाही."

"आन् बसाया?"

"बसतो की आता. लग्नात पुरी-बुंदी खाल्ली तर परत उठलं. डॉक्टर म्हणाले, अजून एकदा झालं तर कापतील. म्हणून धोंड्याला घाबरलो, मामा. तुमचा अपमान करायचा नव्हता."

मामांना अपमानाचं काही पडलेलं दिसलं नाही. ते भिंतीजवळ सरकले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "न कापता बरं झालं?"

"आत्तापर्यंत तरी."

"काय केलं?"

सुदर्शननं सांगितलं. मामा असं ऐकत होते, जसं बोंडअळीच्या औषधाबद्दल त्यांच्या दुकानात शेतकरी ऐकतात. भाकरी ज्वारीचीच का, बाजरीची चालंल का? पाणी जेवताना प्यायचं का मागून? चालायचं म्हणजे सावकाश का झपाझप? जोर करायचा का नाय? जोर अजिबात करायचा नाही, हे त्यांनी दोनदा वदवून घेतलं.

सुदर्शनच्या डोक्यात मग उशिरा उजेड पडला. "मामा, ती गोधडी उन्हासाठी नाही ना?"

"नाय," मामा म्हणाले.

"मामींना माहीत आहे?"

"तिला वाटतंय मी संडासात बसून चोरून बिडी वढतो. म्या बी तसंच ऱ्हाऊ दिलं."

"रक्त येतंय? डॉक्टरला दाखवलं?"

"येतंय. सिल्लोडला ह्या दुखण्याच्या डॉक्टरची एक पाटी बघितली व्हती. समोर उभा राह्यलो. तेवढ्यात आपल्या गावची जीप आली. मंग शेजारच्या दुकानातून एक बादली घेतली आन् घरी आलो." मामांनी उपरण्यानं मान पुसली. "चार झाल्या आता बादल्या."

"रक्त येतंय म्हटल्यावर आधी दाखवायला पाहिजे, मामा. भाकरी नंतर. आमच्याकडं या. मी नेतो."

"बियाण्याच्या कामानं येतो. पण घरी काय सांगू? मी भाकर मागितली तर सांडू इचारंल, का. गोड बंद केलं तर साळू इचारंल, का. दुकानात चालत गेलो तर समदं गाव इचारंल." ते बोलता बोलता थांबले. खताच्या कंपनीवाल्यांशी भाव करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे येत असे, ते आत्ता आलं. "जावईबापू, रुसलेल्या जावयाला कोणी का म्हणून इचारत नाय."

"म्हणजे?"

"तुमच्या नावावर टाकतो."

"काय?"

"समदं," मामा म्हणाले. "माझं नाव नाय निघालं पायजे. सायलीजवळ बी नाय."

"आणि बुलेट?"

या प्रश्नावर मामांनी वळून घराच्या दिशेनं पाहिलं. "ती न्याच," ते म्हणाले. "दारात ऱ्हायली तर मी बसन. मला माझा भरवसा नाय."

ओसरीवर सगळी मंडळी बसून होती. ओवा सापडला होता. मामा उंबऱ्यात उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, की जावयाचा रुसवा निघाला आहे, पण अटी आहेत. बुलेट जावई नेणार. इथून पुढं या घरात सासरा भाकरी आणि पालेभाजी खाणार. गोड, तळलेलं सासऱ्याला बंद. आणि दुकानात, शेतात, बाजारात सासरा पायी जाणार.

मामींनी हातातली ओव्याची डबी खाली ठेवली. मग सांडूतात्या म्हणाले, "पायी का?"

"जावई म्हणतेत."

"आन् गोड का नाय?"

"जावयाची मर्जी."

तात्यांनी सुदर्शनकडं पाहिलं. त्यांच्या नजरेत आता थोडी भीती होती. "माझ्या जावयानं बी गाडी नेली," ते म्हणाले. "पण सासऱ्याच्या तोंडातला घास नाय काढला."

सुदर्शननं तोंड उघडलं. मामांनी त्याच्याकडं पाहिलं. सुदर्शननं तोंड मिटलं आणि, रीत मोडू नये म्हणून, एक धोंडा फोडून त्यातला अर्धा बिनतुपाचा खाल्ला. साळूबाई मामी आत गेल्या. थोड्याच वेळात भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. तो भाकरीच्या मानानं फार मोठा होता.

निघताना मामांनी बुलेटवरून शेवटचा हात फिरवला. गोधडी काढायला सुदर्शन वाकला तर ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. लांबचा रस्ता हाय."

सायली मागं बसली, मांडीवर अनारशांचा डबा. घाट चढून जाईपर्यंत ती बोलली नाही. सिल्लोडच्या अलीकडं तिनं विचारलं, "तुम्ही मागितली नाही ना ही?"

"नाही."

"मग माझ्या आप्पांनी दिली का? आणि त्यांच्या जेवणावर का उठलात? काय बोललात तुम्ही त्या उन्हात?"

"सांगता येत नाही."

"का?"

"शपथ आहे."

"शपथ तर माझी होती," सायली म्हणाली, आणि शहर येईपर्यंत परत गप्प झाली. घरी आल्यावर तिनं त्याच्यासाठी भाकरी केली, पण आदळून. माहेरचाच आवाज होता तो.

अनारसे सुदर्शननं कंपनीत नेले. शफीकनं त्यातले बरेचसे चालता चालता संपवले आणि गाडीची हकीकत ऐकून तो जागेवर थांबला.

"ससुरे की गाडी ले को आया तू?"

"घ्यावी लागली."

"और उनकू पैदल कर दिया."

"हो."

"मेरे कू तू सीधा आदमी लगता था," शफीक म्हणाला आणि पुढचा अनारसा तोंडात घातला. "अब मैं तेरे साथ अकेला नहीं चलता बाबा." पण दुसऱ्या दिवशी तो चालला.

पावसाळ्याच्या तोंडाशी कडूबा मामा बियाण्याच्या कामानं शहरात आले. सुदर्शननं सुट्टी काढली आणि दोघं क्रांती चौकात गेले. डॉक्टरांनी मामांना तपासलं, हात धुतले, आणि मामांनी आजूबाजूला पाहिलं.

"हे वडील का तुमचे?"

"सासरे."

"बरं," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे आनुवंशिक नाही. ही सवय आहे." त्यांनी आणखी दोन तपासण्या करायला लावल्या, औषध लिहून दिलं, आणि कापायचं पुढं बघू म्हणाले. पथ्य त्यांनी सांगायला सुरुवात केली तर मामांनीच ते शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. येताना मामांनी घरी दाखवायला बियाण्यांच्या दोन पिशव्या विकत घेतल्या. बियाण्यांचं दुकान असलेल्या माणसानं शहरातून बियाणं का आणलं, हे सोयगावात कुणी विचारलं नाही. जावयाच्या धाकानं माणूस खचला आहे, असं लोकांनी धरलं.

सांडूतात्यांनी बाकीचं काम केलं. तालुकाभर बोभाटा झाला, की शेंद्र्याला नोकरी करणारा एक जावई आहे, तो सासऱ्याला पालक खायला लावतो. त्या बाजूची स्थळं लोक जपून बघू लागले. साळूबाई मामींनी फोनवर जावयाची खुशाली विचारणं बंद केलं. फक्त महिन्याच्या महिन्याला एसटीनं ज्वारीची पिशवी यायची, निरोपाशिवाय.

मामांचा फोन मात्र रोज पहाटे येई. एकच वाक्य असे. सुदर्शन "बरं" म्हणे आणि ठेवून देई. "काय म्हणाले आप्पा?" सायली अंथरुणातून विचारी. "काही नाही," सुदर्शन सांगे. "सगळं ठीक आहे म्हणाले."

दिवाळीत सासू-सासरे आले. मामी स्टँडवरून रिक्षानं आल्या. मामा मागून चालत आले, हातात पिशवी, आणि आल्या आल्या खाली पार्किंगमध्ये गेले. तिथं बुलेट आच्छादनाखाली उभी होती. सुदर्शन चालतच असल्यामुळं तिला कुणी हात लावला नव्हता. मामांनी आच्छादन वर केलं, टाकीवर हात ठेवला, दवाखान्यातल्या नातेवाइकाला भेटल्यासारखे थोडा वेळ उभे राहिले आणि परत झाकून वर आले.

"न्यायची का आता?" सुदर्शननं हळूच विचारलं.

"अजून नको," मामा म्हणाले. "अजून भरवसा नाय."

जेवायला सगळे खालीच बसले. मामींनी सुदर्शनकडं पाठ करून शेगडीचा ताबा घेतला होता. सायली वाढत होती. वाढता वाढता ती थांबली. आप्पा मांडी घालून बसले होते. पाटावर, सपाट, दोन्ही बाजूंनी सारखे, उशी नाही की गोधडी नाही. असे बसलेले त्यांना तिनं शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. तिला ती सीटवरची गोधडी आठवली, भर उन्हात गेलेले दोघं आठवले, आणि पहाटेचे फोन. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तो मेथीच्या भाजीत बघत होता. तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, आणि बऱ्याच महिन्यांनी आवाज न करता पळी खाली ठेवली.

"काय माणूस हाय तुझा, पोरी," मामी तव्याकडं बघत म्हणाल्या. "म्हाताऱ्याची गाडी नेली. तोंडचं गोड काढलं. ऐन दिवाळीत मेथी खाऊ घालतोय, मेथी."

"व्हय, लई कडक हायेत," कडूबा मामा म्हणाले, आणि ताट पुढं सरकवलं. "अजून एक भाकर टाक."